कॅमेरा मामाचा, फोटो कोणाचा?

प्रश्न : कास पठारावर माझ्या कॅमेऱ्याने भाच्याने काढलेला फोटो मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता तो एका रिसॉर्टच्या फ्लेक्सवर झळकतोय. मालक म्हणतो, ‘ग्रुपवर आला म्हणजे सगळ्यांचा.’ हक्क कोणाचा? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा नाही, भाच्याचा! १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. कॅमेरा कोणाच्या पैशाचा, हे तिथे कोणी विचारत नाही. ग्रुपवर टाकल्याने हक्क जात नाही, नोंदणीही सक्तीची नाही. रिसॉर्टवाल्याच्या बोलण्यात काही दम नाही.

पुरावा मात्र मेमरी कार्डातून काढा. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेल्या फोटोतली तारीख-वेळ, कॅमेऱ्याची माहिती गळून पडते. मूळ फाइल आणि तिच्या आगेमागे टिपलेल्या फ्रेम्स जपा. तोच फुलांचा ताटवा चार कोनांतून ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी वाद घालणं अवघड. मग नोटीस भाच्याच्या नावाने जाऊ द्या. हक्क तुम्हालाच हवा असेल, तर त्याच्या सहीचा लेखी करार लागेल.

आणि हो, पैसे मोजून काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोंचं उलट असतं: वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगून पैसे देणारा. फोटोग्राफर मंडळी हे ऐकून माझ्यावर रुसतात.