जाम झालेला नट

कोथरूड, पुणे

बाळा,

तुझी आई परवा सांगत होती, कामातल्या सवयी बदलायला मदत करणारे जे कोच तू लावलेस, त्यांचं सेशन तू लागोपाठ तीन गुरुवार रद्द केलंस. एकदा हिंजवडीहून निघायला उशीर झाला, एकदा डोकं दुखत होतं, एकदा सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. ट्रॅफिकचं कारण पुण्यात कुणालाही पटतं, म्हणून ते सोडून देतो. उरलेली दोन माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. रिलीजच्या जागी मी 'इन्स्पेक्शन' म्हणायचो, एवढाच फरक.

मागे तू म्हणालीस, "काका, कळतं पण वळत नाही." सोमवारच्या मीटिंगमध्ये सिनिअर बोलायच्या आधी स्वतःचा प्लॅन मांडायचा, एवढंच कोचने सांगितलं होतं. प्लॅन तयार असतो, वहीत लिहिलेलाही असतो, आणि वेळ आली की तू पाण्याची बाटली उघडतेस.

"अगं बोल की, घाबरतेस कशाला" हे आईने सांगून झालं, मॅनेजरने सांगून झालं, मीही सांगितलं. चुकलंच माझं. समोरच्याने जोर लावला की आपल्या तोंडून आपोआप 'पण' निघतो, आणि तो 'पण' दहादा ऐकला की आपल्यालाच पटायला लागतो. त्यातून आपण पुणेकर. सल्ला पुरता कानात शिरायच्या आधीच त्यातली चूक दिसते आपल्याला.

भोसरीला आमच्या कारखान्यातल्या शॉपवर जाम झालेला नट नवा पोरगा कसा सोडवायचा, सांगतो. पान्याला पाइप अडकवायचा आणि अख्ख्या अंगाचा जोर टाकायचा. नट तसाच राहायचा, बोल्ट तुटायचा. जुना फिटर आधी डिझेल सोडायचा, चहाला जायचा, परत येऊन हलकेच ठोकायचा. मग सोडवायच्या आधी नट किंचित आवळायचा! गंजाची पकड तिथे मोडते. कर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात माणसांबद्दल साधारण हेच सांगितलं: पुढे ढकलणारा जोर वाढवला की ताण वाढतो, मागे ओढणारा जोर कमी केला तर माणूस कमी ताणात पुढे सरकतो.

म्हणून आधी आवळून बघ. दहा मिनिटं गप्प राहण्याची वकिली कर, अगदी मनापासून. गप्प राहून तुला काय काय मिळतं? काही तरी मिळतच असणार, नाहीतर इतकी हुशार मुलगी ते इतकी वर्षं कशाला करेल?

माझं सांगतो. २००७ साली मला सुपरवायझरचा मॅनेजर करायचं ठरलं आणि कंपनीने एक कोच नेमून दिले. मी मनात म्हटलं, हा टाय लावलेला माणूस मला काय शिकवणार. तक्रार एकच होती: मी पोरांना निर्णय घेऊ देत नाही. प्रत्येक मशीनवरचा पहिला जॉब, म्हणजे तयार झालेला पहिला पार्ट, मीच मोजायचो. रात्री नऊला स्कूटर काढून सेकंड शिफ्टला चक्कर मारायचो. काकू तेव्हा काय म्हणायची ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

कोचनी कागदावर चार रकाने आखले. ही पद्धत हार्वर्डच्या रॉबर्ट केगन आणि लिसा लाहे यांची, हे मला फार पुढे कळलं. पहिल्यात मला काय हवंय: पोरांनी निर्णय घ्यावेत. दुसऱ्यात त्याच्या उलट मी काय करतो: सगळं स्वतः मोजतो. इथपर्यंत सोपं होतं. तिसऱ्यात लिहायचं होतं की असं करून मी काय सांभाळतो. तीन आठवडे तो रकाना कोरा राहिला आणि त्यातली दोन सेशन मी बुडवली.

शेवटी लिहिलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या सहीची एक अख्खी बॅच रिजेक्ट होऊन परत आली होती. सगळ्या शॉपसमोर उभं केलं होतं मला. ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं, बस. चौथ्या रकान्यात या सगळ्याच्या बुडाशी काय गृहीत धरलंय ते लिहायचं. मी लिहिलं: मी स्वतः व्हर्निअर लावून मोजलं नाही तर चूक होणारच, आणि चूक झाली तर मला कुणी ठेवणार नाही. लिहिलेलं वाचलं आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाचे कान तापले.

"पोरांवर विश्वास ठेवा" असं कोच एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले, एक मशीन निवडा, ढिल्या टॉलरन्सचा, म्हणजे मापात थोडं इकडेतिकडे चालेल असा एक पार्ट निवडा, आठवडाभर पहिला जॉब मोजू नका आणि काय होतं ते लिहा. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी गुपचूप जाऊन मोजला. सेशनमध्ये कबूल केलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "व्हर्निअर उचलायच्या आधी पोटात काय होत होतं?" असलं मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्या मशीनवरचा मुलगा सहज बोलून गेला, "साहेब, तुम्ही बघताच, म्हणून आम्ही एवढं बघत नाही." मी ज्या चुकीला भीत होतो, तिची सोय मीच करून ठेवली होती.

तुझा तिसरा रकाना मला माहीत नाही, आणि मी अंदाजही करणार नाही. तो तू आणि कोच बघा. चौथ्यात जे येईल ते तपासायला मात्र सोमवारी भाषण ठोकायची गरज नाही. पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचार आणि कोण काय म्हणालं ते वहीत टिपून ठेव.

आणखी एक. मन नको म्हणतं तेव्हा दर वेळी मनच चुकतं असं नाही. कधी कोचच चुकतो. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला सरकारी परवाना लागत नाही, तेव्हा शिक्षण कुठे झालं, किती जणांबरोबर काम केलंय, हे बेधडक विचार. माझा ठोकताळा असा: आक्षेप दर आठवड्याला तोच असेल आणि नेमका असेल, तर त्यात तथ्य शोधावं. दर आठवड्याला नवा निघत असेल, तर ते आपलं इन्स्पेक्शन. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ते कोचचं काम नाही. सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन केला तर पैसे लागत नाहीत. मीटिंगचं सांगताना तू हसत होतीस, म्हणून मला तशी काळजी वाटत नाही. तरी लिहून ठेवलं.

या गुरुवारी जा. तयारी करून जाऊ नकोस. गेल्या गेल्या सांग, "तीनपैकी दोन वेळा मी मुद्दाम टाळलं." पुढचा प्रश्न त्यांना विचारू दे. त्याचेच पैसे भरतेस तू.

रविवारी सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी थांबतो. १०३ पायऱ्यांत माझे दोन थांबे असतात, तेवढे सांभाळून घे. खाली उतरल्यावर चहा तुझ्याकडून.

तुझा,
काका

ता. क. – तिसरा रकाना कोरा राहिला तर कागद तसाच कोरा घेऊन जा. माझा तीन आठवडे कोरा होता.