आबा गेले आणि मला रडूच आलं नाही

"मॅडम, आबा गेले तेव्हा मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्यानं विचारून टाकलं. वय 28, नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर, मूळ गाव निफाड तालुक्यात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि लिहायला त्याची परवानगी आहे.) हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात वर्षातून चार-पाचदा तरी येतो. विचारणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांना कोणीतरी पाठवलेलं असतं. याला थोरल्या बहिणीनं पाठवलं होतं. तेराव्याच्या दिवशी ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तू दगड आहेस."

"तुम्ही" म्हटलं की अवघडायचा, म्हणून दुसऱ्या भेटीपासून मी "तू"वर आले.

आबांबद्दल, म्हणजे आजोबांबद्दल, विचारलं तर मात्र थांबेना. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे चारला उठणं, संध्याकाळी कितीही दमले तरी हरिपाठ. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी पायीच जायचे. वाटेत कोणी गाडीत बसा म्हटलं तर त्यांना राग यायचा. पण देवळाच्या चार भिंतींत आबा फारसे रमायचे नाहीत. थंडीत कामातून एखादा दिवस निघाला की नातवंडांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला. तिथं गोदावरी आणि कादवा मिळतात, त्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात. त्यातला एक काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला. मराठीत त्याला वारकरीच म्हणतात. आबा म्हणायचे, "हा आपल्यातला. गंध लावून पाण्यात दिंडी चाललीय बघ." हे सांगताना तो हसला. मी वहीत लिहून ठेवलं, कारण दगड असं हसत नाही.

आता माझी फजिती. तिसऱ्या भेटीत मी रिकाम्या खुर्चीचा प्रयोग करायचं ठरवलं. समोर एक खुर्ची ठेवायची, तिच्यात गेलेलं माणूस बसलंय असं धरायचं आणि राहिलेलं बोलून टाकायचं. अनेकांचा बांध इथं फुटतो. याचाही फुटेल अशी माझी आतून अपेक्षा होती, हे कबूल करते. त्यानं खुर्चीकडे दोन मिनिटं पाहिलं. मग उठला, पाठीला हात लावून ती हलवली आणि म्हणाला, "मॅडम, हिचा एक पाय आखूड आहे. आबा पडले असते." टेबलावरच्या जुन्या पावतीची घडी करून पायाखाली सारली, पुन्हा हलवून खात्री केली आणि जागेवर येऊन बसला.

मी काय चुकत होते, ते तेव्हा कळलं. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत बसले होते. बघायला हवे होते हात.

मग विचारलं, "आबा गेल्यापासून रविवारी काय करतोस?"

"बागेत असतो."

आबा गेले ते फेब्रुवारीच्या शेवटी. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, तेव्हा माल वेलीवर उभा असतो. व्यापाऱ्याशी सौदा ठरलेला, मजूर येऊन बसलेले, वडिलांना उठवत नव्हतं. यानं एका हातानं सरणाची लाकडं सांगितली आणि दुसऱ्या हातानं क्रेटचा हिशेब. रडायला वेळ होता कुठे? रामकुंडावर दहाव्याला कावळा शिवेना. चुलते बोलले, वडील बोलले, काही नाही. शेवटी यानं हात जोडून म्हटलं, "आबा, छाटणी मी बघतो." आणि कावळा शिवला. (कावळ्याचं काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्या वाक्यात रस होता.)

एप्रिलमध्ये त्यानं आयुष्यातली पहिली खरड छाटणी (द्राक्षवेलींची उन्हाळी छाटणी) केली. आबांच्या कात्रीनं. तिच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे, आबांच्या अंगठ्यानं झिजलेली. मजुरांना तो ती देत नाही, धारसुद्धा स्वतः लावतो. ऑक्टोबरच्या छाटणीसाठी रजा टाकून ठेवलेली. आणि हा मला विचारत होता, माझं आबांवर प्रेम होतं का!

दुःखाच्या अभ्यासकांनी हे फार पूर्वी मांडलंय. केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या दोघांनी शोकाच्या दोन ढंगांबद्दल लिहिलं: काहींचा शोक भावनेतून, अश्रूंतून वाहतो, काहींचा विचारातून आणि कामातून. बहुतेक माणसं या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतात. शोकाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सगळ्यांना पाठ असतात, पण एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमानं चढायलाच हव्यात, असा नियम नाही.

मग काळजी कधी करायची? त्याला मी झोप, भूक, दारू, कामावरचं लक्ष, सगळं खोदून विचारलं. आबांचं नाव निघालं की तो उठून जातो का, जगण्यात राम उरला नाही असं वाटतं का, हेही. तसं काही नव्हतं. वर्ष उलटूनही ओढ पहिल्या दिवसाइतकीच तीव्र राहिली, माणूस गेलाय यावर विश्वासच बसत नसेल, रोजचं जगणं अडलं असेल, तर तो दीर्घकाळ रेंगाळलेला शोक असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निकषांत मोठ्यांसाठी ही मुदत 12 महिन्यांची आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र कसलीच मुदत बघू नये, लगेच बोलावं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती: ते वचन. "छाटणी मी बघतो" म्हणजे किती वर्षं? नोकरी सोडून? भाव पडला, गारपीट झाली तरी? तो गप्प झाला. पुढच्या दोन भेटी आम्ही यावरच घालवल्या. आबा स्वतः काय म्हणाले असते, असं विचारल्यावर म्हणाला, "आबा म्हणाले असते, पगार सोडू नको येड्या." शेवटी ठरलं ते असं: यंदाच्या दोन्ही छाटण्या त्याच्या, पुढचं वडिलांशी बसून. वडिलांशी त्यानं हे बोलणंच टाळलं होतं. ते झालं, तासभर झालं, आणि वडीलही गेले सात महिने हाच घोर लावून बसले होते असं निघालं.

बहिणीला मी एकदा बोलावून घेतलं. ती माझ्यासमोर अर्धा तास रडली. मग मी कात्रीचं सांगितलं, त्याला विचारूनच. तिला ती मूठ ठाऊक होती, पण कात्री आता कोणाकडे असते ते ठाऊक नव्हतं.

पौषात दोघं पायी त्र्यंबकला गेली. परत आल्यावर त्याचा फोन आला. कसं झालं विचारलं, तर म्हणाला, "ताई सातपूरपासून रडत होती. मी तिची पिशवी घेतली."