ख्रिस्ती मैत्रिणीचे वडील वारले. त्यांच्यात पुनरुत्थानाची आशा असते म्हणून त्यांच्यासमोर रडू नये, असं ऐकलं. खरं आहे का? भेटायला गेल्यावर काय बोलावं?

साफ खोटं आहे. आणि हे ज्यानं तुम्हाला सांगितलं तो ख्रिस्तीच असणार, पैजेवर सांगते. हा समज आमच्याच शहाण्यांनी पसरवलाय.

आम्ही नेवासे तालुक्यातले. पणजीपासून घराणं मिशनचं. आई मिशनच्या शाळेत शिकवायची आणि घरी आल्यावर मशीनवर बसायची. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, निम्म्या पोरांची झबली तिच्या हातची. एकदा सुई उजव्या तर्जनीतून आरपार गेली, बोट पुढच्या पेराशी वाकडं झालं ते कायमचं. फळ्यावर लिहिताना खडू त्या बोटाच्या वर निसटायचा, म्हणून तिचा 'ळ' नेहमी अर्धवट.

ती गेली त्या दिवशी मावशी वैजापूरहून आली. फाटकापासूनच हेल काढत आली, आमच्या भागातल्या बायका रडतात तशी. "माझ्या बया गं, दुष्काळात तुझा डबा मला यायचा गं, माझ्या नातवाचं झबलं मशीनवर तसंच राहिलं गं." डब्याचं तर आम्हा भावंडांना ठाऊकही नव्हतं. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, नंतर दिलेल्या भाषणापेक्षा आई त्या रडण्यात जास्त होती.

तेवढ्यात आमचे थोरले काका उठले. काका मंडळीचे पंच, वचनं तोंडपाठ, आवाज भरदार. म्हणाले, "ताई, पुरे आता. आपण ख्रिस्ती माणसं. वहिनी प्रभूमध्ये झोपी गेली आहे. असं रडणं आशा नसलेल्यांचं." मावशीनं पदर तोंडात कोंबला. कुणीतरी उपासना संगीत, म्हणजे आमचं गीतांचं पुस्तक, काढून गाणं सुरू केलं. माझे वडील भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्याही डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं. लोक जाताना म्हणत गेले, "काय विश्वास आहे बापूंचा!" बापू त्यानंतर वर्षभर आईचं नाव घेत नव्हते. मशीनवर चादर टाकली होती, ती कुणी काढू द्यायचे नाहीत. याला विश्वास म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

काकांचा आधार म्हणजे बायबलमधलं प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय, तेरावं वचन. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं पौल तिथे लिहितो. ठीक. पण हाच पौल फिलिप्पैकरांना लिहितो की माझा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला ही देवाची दया, नाहीतर माझ्यावर दुःखावर दुःख आलं असतं. पौलाला आशा नव्हती? पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याला दगडमार झाला तेव्हा भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला, असं बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, आणि त्याबद्दल कुणी त्यांना बोल लावलेला नाही. आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेशी तर येशू स्वतः रडला. थोड्याच वेळात आपण याला हाक मारून बाहेर काढणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. लाजराची बहीण मार्था त्याला म्हणालीच होती की शेवटल्या दिवशी माझा भाऊ उठेल हे मला माहीत आहे. म्हणजे सिद्धान्त तिलाही पाठ होता. त्यानं तिला 'मग रडतेस कशाला' असं विचारलं नाही.

आणि यापोची दुर्कस. ती शिवणकाम करणारी. ती मेल्यावर विधवा रडत रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, तिनं शिवलेले अंगरखे दाखवत होत्या. माझी मावशी दुसरं काय करत होती? हे मी काकांना महिन्याच्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर म्हटलं. काका तयारच होते. म्हणाले, "पेत्रानं त्या बायकांना आधी बाहेर काढलं, तेही वाच." मी म्हटलं, "काढलं, आणि मग तिला उठवलं. तुम्ही आईला उठवणार असाल तर मावशीला मी बाहेर नेते." त्यानंतर काका माझ्याशी दोन नाताळ बोलले नाहीत.

असो. तुमचा प्रश्न होता आशेचा.

आमच्यातलेही कित्येक जण समजतात की माणूस मेला, आत्मा उडाला, वर गेला, प्रकरण संपलं, देह म्हणजे टाकून दिलेला सदरा. हे बायबलमधलं म्हणणं नाहीच. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे आमच्या विश्वासाच्या कबुलीत, दर रविवारी आम्ही शरीराचं पुनरुत्थान मानतो म्हणून उभे राहून म्हणतो. शरीराचं! करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल मरणाला शत्रू म्हणतो, नाहीसा होणारा शेवटचा शत्रू. शत्रूनं घरातलं माणूस ओढून नेलं तर त्याचा आनंद करायचा असतो का? तो शेवटी हरणार ही आशा. आज त्यानं केलेला घाव खोटा, असं तिथे कुठे म्हटलंय?

मला स्वतःला आधार वाटतो तो एका बारीकशा गोष्टीचा. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले. शिष्यांसमोर भाजलेला मासाही खाल्ला. म्हणजे भूतबीत नव्हे, तोच माणूस, त्याच खुणांसकट. आईला पेटीत ठेवल्यावर पांढऱ्या हातमोज्यांसाठी काकू हटून बसल्या होत्या, बोट वाईट दिसतं म्हणून. मी घालू दिले नाहीत. ती उठेल तेव्हा ते बोट सरळ झालेलं असेल असं पाळक म्हणतात, सगळी व्यंगं जातात म्हणे. असेल. मला ते वाकडंच हवंय. येशूचे व्रण राहिले तर आईचं बोट का राहू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता काय बोलावं. फार बोलूच नका. 'ते चांगल्या जागी गेले', 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात' हे तर अजिबात नको, ते सांगायला पाळक आणि नातेवाईक रांगेत उभे असतात. 'आत्म्याला शांती लाभो' म्हणालात तर कुणी रागावणार नाही, भावना कळते. त्यापेक्षा तिच्या वडिलांची एखादी आठवण विचारा. चहा कसा घ्यायचे, कुणावर चिडायचे, काहीही. तिला रडू आलं तर येऊ द्या, तुम्हाला आलं तर तुम्हीही रडा. आणि घरात आमच्या काकांसारखा कुणी वचन घेऊन पुढे झालाच, तर तुम्ही परक्या म्हणून गप्प बसू नका. 'काका, येशू रडला होता ना?' एवढं भोळेपणानं विचारा. परक्या बाईनं विचारलं की त्यांची पंचाईत होते. घरच्यांनी विचारलं की उद्धटपणा ठरतो, अनुभव आहे.

तरी दोन गोष्टी. काही माणसांना खरंच रडू येत नाही, गाणी म्हणूनच त्यांना बरं वाटतं. त्यांच्या मागे लागू नका, माझं भांडण रडू न देणाऱ्यांशी आहे. दुसरं, मी प्रोटेस्टंट घरातली. तुमची मैत्रीण कॅथलिक असेल, वसईकडची वगैरे, तर त्यांच्यात मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली खास उपासना, असते, २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, आम्ही मृतांसाठी प्रार्थना करत नाही. तेव्हा तिथले रिवाज तिलाच विचारा. दहन केलं म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर त्यांच्या चर्चनं १९६३ सालीच परवानगी दिली आहे, हे सांगायला हरकत नाही.

हार न्या, चालतो. आमच्याकडेही पेटीवर हारच घालतात. दफनानंतर घरी गेलात तर जेवायला बसवतील, नाही म्हणू नका, आणि तिच्या आईला पहिला घास घ्यायला लावा. पाहुण्यांच्या सरबराईत ती उपाशीच राहिलेली असते.