तफावत, विषमता आणि फौत

प्रश्न असा आहे: ‘रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात हेल्थ इक्विटीला आरोग्य समानता म्हणावे का? आणि डिस्पॅरिटी व इनइक्विटी या दोन्हींसाठी असमानता लिहिले तर चालेल का?’

नाही आणि नाही. समानता हा शब्द हल्ली दिसेल तिथे चिकटवतात. समान म्हणजे सारखे. इक्विटीत सारखे देणे अपेक्षितच नसते, ज्याला जेवढे लागते तेवढे देणे असते. तिला समता म्हणा. शेअर बाजाराला हे आपल्या आधी कळले. तिथे इक्विटीला समभाग म्हणतात, समानभाग नाही, आणि दहा समभागवाल्याला हजारवाल्याइतका लाभांश मिळत नाही. कायद्याच्या मराठीतला समन्याय इथे आणू पाहणारे काही विद्वान आहेत. तो कोर्टात शोभतो, वॉर्डात नाही. वैद्यकाचे स्वतःचे नाणे घरात असताना उसने कशाला आणायचे? सुश्रुताने स्वस्थ माणसाची व्याख्या ‘समदोषः समाग्निश्च समधातुमलक्रियः’ अशी केली. तिथला सम म्हणजे योग्य प्रमाणात. तो कोणी वजनाने सारखा असा वाचत नाही. तसा वाचला तर मांस आणि मज्जा एकाच मापाची निघायला हवी.

व्यवहारातले उदाहरण हवे असेल तर आपल्या धर्मादाय रुग्णालयांचे घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून जी योजना लागू आहे तीत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असतात. खर्चासाठी बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलातले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. यात समान काहीच नाही, सम मात्र सगळे आहे.

उलट बाजूही पाहा. पल्स ऑक्सिमीटर सगळ्यांच्या बोटाला एकच लावतात, याहून समान काय असणार? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये असे रुग्ण तपासले ज्यांच्या बोटावरचे यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत होते. धमनीतले रक्त काढून पाहिल्यावर कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के तपासण्यांत प्राणवायू ८८ टक्क्यांखाली निघाला, गोऱ्यांच्या ३.६ टक्के तपासण्यांत. कारण असे की यंत्र प्रकाश किती शोषला गेला ते मोजते आणि कातडीतले रंगद्रव्यही प्रकाश शोषते. यंत्र समान, निकाल विषम.

विषम शब्द आलाच आहे तर एक गैरसमज काढून टाकतो. त्याचा विषाशी काडीचा संबंध नाही. तो वि अधिक सम आहे. सचा ष होतो, त्यासाठी पाणिनीने ‘सुविनिर्दुर्भ्यः सुपिसूतिसमाः’ असे स्वतंत्र सूत्र खर्च केले आहे. विषमज्वरही विषारी ताप नव्हे. येण्याची वेळ आणि चढउतार एकसारखे नाहीत, म्हणून विषम.

आता तफावत. डिस्पॅरिटीला, म्हणजे दोन गटांत दिसणाऱ्या फरकाला, हाच शब्द वापरा, आणि त्याचे कारण नीट ऐकण्यासारखे आहे. शब्द अरबी आहे. मूळ धातू फ-व-त, म्हणजे निसटणे, हातचे जाणे. अरबी माणसाची गाडी चुकली की तो ‘फातनी’ म्हणतो, माझ्या हातून निसटली. त्यावरून तफावुत, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींपासून सुटून त्यांच्यात पडलेले अंतर. फारसीच्या वाटेने तो मराठी दप्तरात आला. याच धातूचा दुसरा मुलगा तुमच्या सातबाऱ्याच्या फेरफारात बसला आहे: ‘खातेदार फौत झाल्याने वारसांची नावे दाखल.’ तफावत आणि फौत सख्खी भावंडे आहेत. रुग्णालयाच्या अहवालाला याहून चपखल शब्दकुळ कुठून मिळणार?

फौत हा वफातचा तुटका अवतार आहे असे छातीठोकपणे सांगणारे असतात. साफ चूक. वफातचा धातू व-फ-य, अर्थ पुरे करणे, चुकते करणे. वफा आणि वफादार त्याच घरचे. वफात झालेल्याचा हिशेब पुरा झाला, फौत झालेला हातून निसटला. मराठी कारकुनाने फौत पकडला तो मला तरी योगायोग वाटत नाही, कारण त्याच्या वहीतली तफावतही निसटलेल्या रकमेचीच असे.

हे निसटणे रुग्णालयात अक्षरशः घडते. एकूण सरासरी चांगली दिसते आणि तिच्याखाली माणसे निसटतात. म्हणून कोणताही एक मापदंड घ्या. छातीत दुखत आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघतो का, हा चांगला. मग तो आकडा भाषा, लिंग, अंतर आणि पैसे कोण भरते यांनुसार फोडा. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०२३ मध्ये हा विषय रुग्णसुरक्षेच्या उद्दिष्टांत घेतला, त्यातही ही फोड करायला सांगितली होती.

फसते ते तीन जागी. केसपेपर काढणारा भाषा विचारत नाही, चेहरा आणि आडनाव पाहून भरतो. नाहीतर ‘इतर’ किंवा ‘माहीत नाही’ हा रकाना फुगतो आणि तफावत त्यातच लपते. दुसरे, गट लहान असतो. महिन्यात आठच रुग्ण असतील तर एका रुग्णाने आकडा साडेबारा टक्क्यांनी हलतो, म्हणून काही महिने एकत्र करून पाहावे. तिसरे सगळ्यांत वाईट: जे आलेच नाहीत ते कोणत्याच रकान्यात नसतात. तारीख दिली, एसटी मिळाली नाही, दिवसाची मजुरी बुडाली, रुग्ण आला नाही, आणि नोंद काय तर ‘रुग्ण गैरहजर’. दोष रुग्णाच्या नावावर. फातनी म्हणायचा हक्क इथे खरे तर रुग्णालयाचा आहे. चुकलेल्या तारखांची यादीही त्याच चार निकषांवर फोडून पाहा.

राहिली इनइक्विटी. तिला विषमता. प्रत्येक तफावत विषमता नसते: प्रोस्टेटचा कर्करोग फक्त पुरुषांना होतो, ती तफावत आहे, अन्याय नव्हे. आरोग्यातील विषमतेच्या ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास केलेली कसोटी अजून पुरते: फरक अनावश्यक, टाळता येण्याजोगा आणि अन्याय्य असेल तरच त्याला इनइक्विटी म्हणायचे. तफावत मोजून सापडते. विषमता ठरवायला कारण शोधावे लागते.

तेव्हा तक्त्याच्या डोक्यावर तफावत लिहा, खालच्या मजकुरात कारण सिद्ध झाले असेल तिथेच विषमता, आणि मुखपृष्ठावर आरोग्यसमता, जोडून. शिवाय तफावत स्त्रीलिंगी आहे. ‘तफावत आढळला’ असे छापू नका.