गुरूला शरण जायचे म्हणजे स्वतःचा विचार सोडून द्यायचा का?

नाही, आणि याचे सर्वांत स्पष्ट उत्तर गीतेतच आहे. दुसऱ्या अध्यायात अर्जुन आपण शिष्य म्हणून शरण आलो आहोत, उपदेश करावा, असे म्हणतो. पण त्यानंतर तो गप्प बसत नाही, तर अठराव्या अध्यायाच्या आरंभापर्यंत शंका विचारत राहतो. चौथ्या अध्यायात तर ज्ञानासाठी प्रणिपात म्हणजे नमस्कार आणि सेवा यांच्या बरोबरीने परिप्रश्न, म्हणजे खोलात जाऊन विचारणे, हेही सांगितले आहे. ‘मला एकट्याला शरण ये’ हे वचन येते त्याच्या जरा आधी श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

सोडायचा असतो तो ‘मी’पणा. गोव्यातल्या वास्को शहरात दामोदर देवाच्या सप्ताहात, म्हणजे भजनाच्या उत्सवात, भजन अखंड चालते. एका गटाची पाळी संपली की दुसरा गट ठेका न तोडता तेच नाम पुढे घेतो, आणि आधीचा गायक कितीही नावाजलेला असला तरी मुकाट्याने बाजूला होतो.

बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये, ज्यांची पदे गोव्यात आजही भजनांत गातात, त्यांनी नाथपंथातले गुरू गहिनीनाथ यांचा अनुग्रह झाल्यावर कुलकर्णीपण, म्हणजे गावच्या दप्तराचे काम, सोडले, असे परंपरा सांगते. मात्र प्रश्न विचारताच रागावणाऱ्या किंवा दक्षिणेचा आकडा आधी सांगणाऱ्या व्यक्तीकडून दीक्षा घेण्याची घाई करू नये. काही काळ नुसते सत्संगाला जाऊन बसावे आणि तिचे घरच्यांशी, नोकरचाकरांशी वागणे कसे आहे ते पाहावे.