कॉन्ट्रॅक्ट लॉच्या केसेस पाठ होतात, पण पेपरात वापरता येत नाहीत. काय करू?

पहिल्या वर्षाला माझीही हीच गत होती. वहीत केसेसच्या नावांची रांग, प्रत्येकीपुढे एका ओळीचा रेशो (निकालामागचं तत्त्व), आणि प्रश्न जरा फिरवून आला की सगळं मुसळ केरात. यातून मला बाहेर काढलं खामगावने.

माझं आजोळ बुलढाणा जिल्ह्यातलं. त्यामुळे भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल (एआयआर १९६६ एससी ५४३) या सुप्रीम कोर्टाच्या निकालात खामगाव दिसलं, तेव्हा गाईड बाजूला ठेवून तो मुळातून वाचला. भांडण सरकीच्या पेंडीचं. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने फोनवर सौदा केला, खामगावच्या पार्टीने फोनवरच होकार दिला आणि पुढे माल दिला नाही, अशी तक्रार. दावा लागला अहमदाबादला. प्रतिवादी म्हणाला, 'हो' मी खामगावात म्हटलं, माल तिथेच द्यायचा, पैसेही तिथेच. मग अहमदाबादच्या कोर्टाचा काय संबंध?

आता कराराच्या कायद्याचं कलम ४ उघडा. होकाराचं पत्र टपालात पडलं की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. फोनलाही तसंच? न्या. शहा आणि न्या. वांच्छू म्हणाले, नाही. फोन म्हणजे समोरासमोर बोलल्यासारखंच, होकार जिथे ऐकू आला तिथे करार. म्हणजे अहमदाबाद. बहुमताचा निकाल हाच. तिसरे न्या. हिदायतुल्ला मात्र म्हणाले, कलमाचे शब्द फोनलाही लागतात, सबब करार खामगावात. मला हिदायतुल्लाच पटतात (आजोळामुळे नव्हे, बहुतेक).

हे वाचल्यावर एक खोड लागली: फॅक्ट्समधली एकच गोष्ट बदलून पाहायची. खामगावहून फोनऐवजी होकाराचं पत्र गेलं असतं तर? निकाल फिरला असता. पेपर काढणारे हेच करतात, फोन काढून व्हॉट्सॲप घालतात.

लालमन शुक्ला (अलाहाबाद, १९१३) घ्या. मालकाचा पुतण्या हरवला, कानपूरहून मुनीम हरिद्वारला शोधायला गेला, मागाहून ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर झालं, त्याला पत्ता नाही. मुलगा ऋषिकेशला सापडला, पण मुनीम दावा हरला. सगळे लिहितात, 'प्रस्ताव माहीत नव्हता.' बरं, पत्रक वाचून निघाला असता तर जिंकला असता? लगेच हो म्हणू नका. शोधायला जाणं हे त्याने आधीच अंगावर घेतलेलं नोकरीतलं काम होतं, हेही कोर्टाने म्हटलंय. पाठांतरात नेमकं हेच गळतं.

मोहोरी बीबीच्या केसला (१९०३) इतका वेळ नको. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, माणसाने कर्ज घेतलं; त्याचा करार मुळातूनच व्हॉइड (रद्दबातल), संपलं. एवढंच, की मोहोरी बीबीने कर्ज दिलंच नव्हतं; सावकार वारला म्हणून खटल्यात ती त्याच्या जागी आली. मी तोंडी परीक्षेत उलटं सांगून बसलो होतो.

सेमिस्टरला आठ-दहा निकालच असे वाचा, बाकीच्यांना गाईड चालेल. सुरुवात खामगावपासून करा, आणि हिदायतुल्लांचं मत गाळू नका.