रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ या बाईकची सीट (८०० मिमी) मागची लिंक बदलून खाली आणता येते का? उंची ५ फूट ३ इंच, गाडी इंदूरमध्येच चालवायची आहे.

हो, येते: मोनोशॉक (मागचा एकच शॉक) चाकाच्या आर्मला जोडणाऱ्या लिंकेजमधल्या दोन पट्ट्या, म्हणजे डॉगबोन, मूळपेक्षा थोड्या लांब बसवल्या की मागची बाजू खाली येते. पट्टीत काही मिलिमीटर वाढले तरी सीट त्याहून बरीच जास्त उतरते, म्हणून सीट आधी २५ मिमीपर्यंतच उतरवा. मी स्वतःच्या गाडीवर हे केलंय आणि इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत दोन्ही चवडे नीट टेकतात. मात्र नुसतं मागून खाली केलं तर हँडल जड, सुस्त वाटतं. म्हणून पुढचे फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकचे दोन दांडे) क्लॅम्पमधून त्या प्रमाणात वर सरकवून घ्या, म्हणजे पुढची बाजूही खाली येते. साइड स्टँड तर कापून आखूड करावाच लागतो, नाहीतर गाडी इतकी सरळ उभी राहते की जरा धक्का लागला तरी पलीकडे पडते. चेनचा ताणही पुन्हा तपासा. वेल्डिंग करून वाढवलेल्या पट्ट्या कृपा करून घालू नका, सगळा भार त्यांच्यावरच असतो. एक गोष्ट मान्य करावी लागेल: ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यातलं अंतर, घटतो; दोघं बसल्यावर कॉलनीतल्या उंच स्पीडब्रेकरवर गाडी खालून घासू शकते. दोन शॉकच्या गाड्यांत ही लिंकच नसते, तिथे हा उपाय लागू नाही.